‘मार्कग्राफ’ म्हणजे नुसता ‘सरदार’ नव्हे

१/ मध्ययुगीन जर्मनीविषयी लिहिताना ‘मार्कग्राफ’ हा किताब आला, की ‘सरदार’ किंवा ‘उमराव’ असे भाषांतर करून आपण मोकळे होतो. माझ्या मते या सोयीपायी अर्धा इतिहास हरवतो.

२/ ‘मार्क’ म्हणजे सीमाप्रदेश. ‘ग्राफ’ हा मुळात फ्रँक राजांचा अधिकारी. न्यायनिवाडा, वसुली आणि सैन्यभरती ही त्याची कामे. शार्लमेनच्या काळात राजा त्याला नेमत असे आणि दूरही करू शकत असे. सीमेवरील ग्राफकडे अधिक लष्करी अधिकार असत. तोच मार्कग्राफ.

३/ ९३७ मध्ये पहिल्या ओटोने पूर्व सीमेची जबाबदारी गेरोकडे सोपवली. पलीकडे स्लाव्ह लोकांची वस्ती होती. स्लाव्हांनी आपल्या हत्येचा कट रचल्याचे कळताच गेरोने त्यांच्या सुमारे ३० प्रमुखांना मेजवानीतच ठार केले, असे त्याच शतकातील सॅक्सन इतिहासकार विदुकिंड लिहितो. गेरोला नुसता ‘सरदार’ म्हटले, की ती रक्तरंजित सीमा आणि तिच्या पलीकडची माणसे, दोन्ही दृष्टीआड होतात.

४/ मग सरसकट ‘सीमाधिपती’ म्हणावे काय? तेही नको. १११२ मध्ये दुसरा हेर्मान ‘बाडेनचा मार्कग्राफ’ म्हणवू लागला. बाडेन मात्र सीमाप्रांत नव्हता. त्याच्या वडिलांचा किताब इटलीतील व्हेरोनाच्या सीमाप्रांतावरून आलेला. सीमा मागे राहिली, किताब घराण्यासोबत चालत आला.

५/ ब्रांडेनबुर्गची कथा आणखी बोलकी आहे. ११५७ मध्ये अल्ब्रेख्त ‘अस्वल’ याने ते जिंकले. १३५६ च्या सुवर्ण आज्ञापत्राने तेथील मार्कग्राफला सम्राट निवडणाऱ्या सात जणांत स्थान दिले. सीमेचा पहारेकरी आता सिंहासनाचा निर्णय करू लागला.

६/ फ्रेंच-इंग्रजी ‘मार्क्विस’ याच ‘मार्क’चा वंशज. १८०२ चा वसईचा तह झाला तेव्हा गव्हर्नर-जनरल असलेला वेलस्ली मार्क्विसच होता. तोवर त्या शब्दात सीमेची आठवणही उरली नव्हती.

७/ म्हणून माझा आग्रह असा : ‘मार्कग्राफ’ हा शब्द तसाच ठेवावा आणि प्रत्येक वेळी त्याला साल विचारावे. दहाव्या शतकात तो कर्तव्य सांगतो, बाराव्यात वारसा, चौदाव्यात सत्ता. किताब तोच राहतो. त्यामागचा माणूस आणि त्याचे काम बदलते. इतिहास वाचायचा तो या बदलाचा.