कमरेच्या पट्ट्यावर जीव टांगू नका

गळीत हंगाम संपला की कारखान्यात दुरुस्तीची कामे निघतात. चिमणी रंगवायची, डिस्टिलरीच्या कॉलमवर चढायचे, उंच टाकी तपासायची. वर चढणारी पोरं बहुधा कंत्राटदाराची. पण ती आपल्याच शिवारातली, कुणा ना कुणा सभासदाच्या घरची. म्हणून या विषयावर चार शब्द स्पष्टच लिहिणे आम्हास जरूर वाटते.

"कमरेला पट्टा बांधला की झालं," असे अजून पुष्कळजण म्हणतात. ते खरे नव्हे. माणूस पडला तर सारा हिसका कमरेवर आणि पोटावर बसतो. मणक्याला, आतड्याला इजा होते, नाहीतर माणूस पट्ट्यातून निसटतो. अमेरिकेत १९९८ पासून पडणारा माणूस अडवण्यासाठी असा पट्टा वापरण्यास बंदी आहे. खांदे, छाती व मांड्या धरणारा, पाठीवर कडी असलेला पूर्ण हार्नेसच घ्यावा. तो आयएस ३५२१ या भारतीय मानकाप्रमाणे असावा.

दोर दोन हुकांचा हवा. एक हुक काढून वर लावेपर्यंत दुसरा अडकलेलाच राहिला पाहिजे. दोराला हिसका शोषणारी घडी हवी. मात्र ही घडी उलगडते, हे ध्यानात ठेवावे. दोन मीटर दोर, उलगडलेली घडी आणि माणसाची उंची धरता खाली सुमारे सहा मीटर मोकळी जागा लागते. तेवढी नसेल तर झटक्यासरशी अडणारा, आपोआप गुंडाळला जाणारा दोर घ्यावा.

आपल्याकडे इव्हॅपोरेटर धुण्यास कॉस्टिक सोडा वापरतात. त्याने पॉलिएस्टरची पट्टी कमजोर होते, तर आम्लाने नायलॉनची. म्हणून हार्नेस कुठेही टाकून ठेवू नये. ऊनही त्याला खाते. एकदा पडता माणूस अडवलेला हार्नेस नवा दिसला तरी कापून टाकावा.

आणि वर लटकलेल्या माणसाला खाली कोण, कसे उतरवणार, हे चढण्याआधीच ठरलेले असावे. तसाच लटकत राहिला तर काही मिनिटांतच जिवावर बेतू शकते.

संचालक मंडळास आमचे सांगणे एवढेच की, ही खरेदी नुसता कमी दर पाहून करू नये, आणि कंत्राटाच्या अटींत हे सारे लेखी घालावे. सभासद बंधूंनीही वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर हा प्रश्न जरूर विचारावा.