डाव्या पायाचा अभिमान

नेरळजवळच्या शेलूत कुणी ऑटोमॅटिक गाडी घेतली की पहिला प्रश्न किमतीचा येत नाही, घाटाचा येतो. ‘माथेरान चढेल का?’ लगेच दुसरा, ‘आणि उतरताना काय करशील?’ विचारणारा आयुष्यभर क्लच-गिअरवर गाडी चालवलेला असेल तर निकालही तो तिथंच देऊन टाकतो: ऑटोमॅटिक शहरातल्या लोकांना ठीक, ज्यांना गाडी येत नाही त्यांना ठीक, आपल्या भागात गिअरचीच हवी. कर्जत-खालापूर पट्ट्यात हे मत इतकं रुजलं आहे की ते तपासून पाहावं असंही कुणाला वाटत नाही. ते तपासलं पाहिजे. त्यात यंत्राविषयीची अर्धवट माहिती आहे, थोडं तथ्य आहे आणि पुष्कळसा अभिमान आहे. या अभिमानाची किंमत मात्र वेगळीच माणसं मोजत आहेत.

आधी चढणीचं घेऊ. नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंतचा घाट लांबीला किरकोळ, सात-आठ किलोमीटरचा. पण तेवढ्यात तो गाडीला जवळजवळ माथेरानच्या उंचीवर नेतो, आणि माथेरान समुद्रसपाटीपासून आठशे मीटरवर आहे. पुढे मोटारींना बंदी, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी सगळी गर्दी याच रस्त्यावर. अरुंद चढावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी असा नियम आहे. उतरणारे तो पाळत नाहीत, म्हणून चढणाऱ्याला ऐन वळणात थांबून पुन्हा गाडी उचलावी लागते. क्लचवर चालवणारे बरेच जण अशा वेळी हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतात. रविवारी दुपारी या घाटात जळक्या क्लचप्लेटचा जो उग्र वास येतो, तो त्यांच्याच गाड्यांचा असतो. तरी ‘गिअरच्या गाडीला घाट झेपत नाही’ असं कुणी म्हणत नाही. चालवणाऱ्याला जमलं नाही असं म्हणतात. हाच न्याय ऑटोमॅटिकला का लावू नये?

‘ऑटोमॅटिकला चढत नाही’ असं सांगणारा बहुधा एकाच प्रकारच्या गाडीबद्दल बोलत असतो. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली आणि ऑटोमॅटिक गाडी आपल्याकडे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. तिच्यातली एएमटी म्हणजे नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचाच क्लच. फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं ही कामं माणसाऐवजी संगणकाच्या हुकमावर होतात. गिअर बदलताना ती क्षणभर थबकते, आणि तो क्षण चढाच्या वळणात आला की गाडीचा जीव गेल्यासारखा वाटतो. ही तक्रार खरी आहे. पण तिचा उपाय गिअरच्या दांड्यातच आहे. दांडा ‘एम’वर घ्यायचा आणि पहिला किंवा दुसरा गिअर आपण स्वतः धरून ठेवायचा, म्हणजे गाडी वळणात मनानं गिअर बदलत नाही. चढावर गाडी मागे सरकण्याची भीती वाटत असेल तर हँडब्रेक आहे. गिअरच्या गाडीतही शहाणा चालक तेच करतो.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीची गोष्टच निराळी. तिथं इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. इंजिन एक पंखा फिरवतं, त्यानं फेकलेल्या तेलानं समोरचा दुसरा पंखा फिरतो, आणि मधला तिसरा पंखा परतणाऱ्या तेलाला अशी दिशा देतो की गाडी जागची हलताना चाकांकडे जाणारा जोर इंजिनाच्या जोरापेक्षाही जास्त असतो. म्हणजे चढावर गाडी उचलणं, ज्याची सर्वांना धास्ती, तेच या यंत्राचं बलस्थान. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानं १९०५ मध्ये जहाजांसाठी ही युक्ती काढली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम५ रणगाड्यांतही ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होते. ऑटोमॅटिक हे नाजूक, शहरी खेळणं आहे ही समजूत इतिहासाला धरून नाही. दोन क्लचांच्या डीसीटीबाबत मात्र एक सांगायला हवं: चढावरच्या कोंडीत ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली, तर तिचेही क्लच तापतात. गाडी घेताना ‘ऑटोमॅटिक आहे का’ एवढं विचारून भागत नाही. कुठल्या प्रकारची, हे विचारा.

उतरण्याचा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि मी तो हलका करणार नाही. ‘डी’वर ठेवून घाट उतरला तर गाडी हळूहळू वरचे गिअर घेत जाते, इंजिनाचा अडसर कमी होतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. बोरघाटात खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना हे जिवावर बेतू शकतं. पण यावरही सोय दिलेली आहे. दांडा ‘एम’, ‘एल’ किंवा ‘एस’वर घेऊन खालचा गिअर धरला की इंजिन गाडीला रोखून धरतं, गिअरच्या गाडीत धरतं तसंच. सोय असून न वापरणं हा यंत्राचा दोष होत नाही. आणि उतारावरच्या सुरक्षिततेचा दाखला देणाऱ्या आपल्याच भागात गाडी न्यूट्रलवर टाकून घाट उतरवणारे किती आहेत! पेट्रोल वाचतं म्हणे. आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात तेही वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ तोडला जातो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळतच राहतं. उतारावर न्यूट्रल टाकणाऱ्याचे ब्रेकही जातात आणि पेट्रोलही.

याच डोंगरातून रेल्वेही उतरते. कर्जत-लोणावळ्यामधला चढ सदतिसास एक, म्हणून चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात. उतरणाऱ्या गाड्या मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठरलेल्या ठिकाणी थांबतात, ब्रेकची खात्री करतात आणि मगच पुढे निघतात. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही रेल्वेनं घाट चालकाच्या हाताच्या सवयीवर सोडलेला नाही, नियमावर सोपवला आहे. रस्त्यावरही तेच हवं: उतार सुरू होण्याआधी गिअर उतरवायचा, वेग आधीच कमी करायचा. हा नियम क्लचच्या गाडीला लागतो आणि बिनक्लचच्याही.

आता अभिमानाकडे येतो, कारण खरा अडथळा तोच आहे. ‘गिअर टाकता येत नाही तो कसला ड्रायव्हर’ हे वाक्य फार जुनं आहे. फक्त त्यातला ‘गिअर’ बदलत आला. जुन्या ट्रकवर डबल क्लच मारता न येणाऱ्याला पूर्वी चालक मानत नसत. पद्मिनी टॅक्सीचा गिअर स्टिअरिंगखाली असे, तो सफाईनं टाकणं ही मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची शान होती. आज या दोन्ही गोष्टी येत नसल्याची कुणाला खंत नाही.

महाराष्ट्राला तर ही सगळी चर्चा दुचाकीवर एकदा करून झालेली आहे. पुण्याची बजाज चेतक १९७२ मध्ये आली. डाव्या मुठीत क्लच, तीच मूठ फिरवून गिअर, आणि चालू होत नसेल तर गाडी कलती करायची. १९८४ मध्ये फिरोदियांची कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, बटण दाबलं की चालू. ती बायकांची गाडी, ती ओझं ओढणार नाही, तिच्यावर घाट होणार नाही, असं तेव्हाही ठासून सांगितलं गेलं. पुढे २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा आली आणि बिनगिअरची स्कूटर घराघरांत पोचली. बजाजनं २००९ मध्ये स्कूटर बनवणंच थांबवलं. २०२० च्या जानेवारीत चेतक परत आली ती विजेवर, आणि तिला गिअर नव्हते. ‘ही बायकांची गाडी’ हा शेरा कायनेटिकची कसलीही परीक्षा न घेता मारला गेला होता. स्त्रिया घराबाहेर स्वतःच्या वाहनानं पडू लागल्या त्यात या बिनगिअरच्या स्कूटरचा वाटा मोठा आहे. तीच गोष्ट चारचाकीत होऊ घातली आहे, आणि तोच शेरा पुन्हा मारला जातो आहे.

हा शेरा मारणाऱ्यांनी ई-शिवनेरीच्या चालकाकडे पाहावं. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. त्याच तारखेला, २०२२ मध्ये, त्याच मार्गावर विजेवरची शिवाई धावली. २०२३ पासून ई-शिवनेरी बोरघाटातून ये-जा करते आहे. तिला क्लच नाही. बसभर प्रवासी घेऊन, पावसात, धुक्यात तो माणूस घाट उतरतो. त्याचा डावा पाय मोकळा आहे म्हणून तो कमी दर्जाचा चालक ठरतो का? त्याचं कौशल्य अंतर राखण्यात आहे, वळणाआधी वेग उतरवण्यात आहे, पुढच्या ट्रकचा अंदाज घेण्यात आहे. कौशल्य तिथंच असतं. क्लच ही इंजिनाची गरज होती, आपण तिला माणसाची पात्रता करून टाकलं.

जे खरं आहे ते कबूल करायलाच हवं. बॅटरी उतरली तर ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू करता येत नाही. बंद पडली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून दोरीनं ओढत नेणंही बहुतेक प्रकारांत गिअरबॉक्सच्या मुळावर येतं. उचलून नेणारी गाडी बोलवावी लागते. क्लचप्लेट कुठल्याही गॅरेजमध्ये बदलून मिळते, एएमटीची यंत्रणा बिघडली तर नुसत्या पान्यांनी काम होत नाही. कशेळे, खांडसच्या बाजूला राहणाऱ्यानं हा विचार जरूर करावा. एएमटीला साधारण पन्नास हजार जास्त पडतात, बाकीच्यांना त्याहून कितीतरी अधिक. एएमटीबाबत मायलेजची रड मात्र आता उरलेली नाही.

पुराचा मुद्दाही काढला जातो: पाण्यातून गाडी काढायला क्लच हवा, हाफ क्लचवर इंजिनाची रेस चढती ठेवून निघून जाता येतं. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पाण्यानं बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. वांगणीच्या पुढचंच स्टेशन आपलं शेलू. जिथं आख्खी रेल्वेगाडी अडकते तिथं क्लचच्या भरवशावर मोटार पाण्यात घालू नये. पाणी उतरेपर्यंत थांबणं हाच एक मार्ग आहे, कुठल्याही गाडीला.

ऑटोमॅटिकच्या बाजूनं सर्वांत मोठी गोष्ट मला वाटते ती ही. शेलूत गेल्या काही वर्षांत केवढ्या इमारती उभ्या राहिल्या. कमावणारं माणूस पहाटेच्या लोकलनं मुंबईला जातं ते रात्री परततं. गाडी दिवसभर खाली उभी. घरात आजी-आजोबा असतात, लहान मुलं असतात. कुणाला अचानक बदलापूरला किंवा कर्जतला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी दारात असून चालवणारं कुणी नसतं. परवाना बऱ्याचदा असतो. तो कपाटात असतो. शिकताना चढावर गाडी बंद पडली, मागच्यानं हॉर्न वाजवले, शेजारी बसलेला ओरडला, आणि त्या दिवशी जी गाडी सुटली ती सुटलीच. घरी असलेल्या अशा बायकांना, अशा वयस्क माणसांना रस्त्याचा अंदाज नाही असं मुळीच नाही. त्यातल्या कितीतरी जणी रोज स्कूटरवरून नेरळच्या बाजारातून वाट काढतात. अडतं फक्त क्लचवर. ज्यांचा डावा गुडघा गेला आहे त्यांचंही अडतं तिथंच. डावा पाय नसलेला माणूसदेखील ऑटोमॅटिक गाडी चालवू शकतो. अशा माणसांना गाडी परत मिळत असेल तर ‘खरं ड्रायव्हिंग’ कुठलं याचा वाद घालणं मला निर्दयपणाचं वाटतं.

मात्र न शिकता कुणी ऑटोमॅटिकवर बसू नये, हेही मी तितक्याच आग्रहानं सांगेन. क्लचवर हात बसलेल्यानं तर नाहीच. त्याचा डावा पाय सवयीनं क्लच शोधतो आणि रुंद ब्रेकवर पूर्ण जोरानं पडतो. गाडी जागच्या जागी थांबते आणि मागचा येऊन आदळतो. दुसरा धोका याहून वाईट: ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर गाडी पुढे झेप घेते, आणि इंजिन चाकांपासून तोडायला क्लच नसतो. म्हणून डावा पाय बाजूला टेकवून ठेवायचा, दोन्ही पेडलं उजव्याच पायानं, दांडा हलवताना ब्रेक दाबलेला, आणि हे सगळं आधी मोकळ्या मैदानात. कायदा इथं मदतीला येत नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्याला क्लचची गाडी चालवता येत नाही; आपल्या मोटारीच्या परवान्यात असा भेद नाही. आज ऑटोमॅटिकवर शिकलेला उद्या क्लचच्या गाडीनं घाटात जाऊ शकतो, आणि क्लचवर शिकलेला ‘एम’ कशासाठी असतो हे न विचारता ऑटोमॅटिकनं बोरघाट उतरू शकतो. परवाना दोघांकडेही आहे, शिक्षण दोघांनाही कुणी दिलेलं नाही.

म्हणून नेरळ, कर्जत, खोपोलीच्या मोटार ट्रेनिंग स्कूलवाल्यांना विनंती आहे. एक ऑटोमॅटिक गाडी ठेवा, आणि शिकणाऱ्याला नुसतं मैदानात फिरवून सोडू नका. घाटात न्या, खालच्या गिअरवर उतरायला शिकवा. आणि वाचकांनो, घरात कुणी परवाना काढून गाडी सोडून बसलेलं असेल, तर पुढची गाडी घेताना आधी त्यांना शेजारी नव्हे, स्टिअरिंगवर बसवा, आणि त्यांना जमेल तीच गाडी घ्या.