चष्मा काढल्यावर काय उरतं?

मंडळी, 'झपाटलेला २'चा विषय निघाला की आपल्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, "लक्ष्या नाही, मग झपाटलेला कसला?" दुसरं, "अहो, मराठीत थ्रीडी केला, कौतुक करा की!" मला ही दोन्ही वाक्यं पटत नाहीत. का, ते सांगतो.

आधी पहिलं. लक्ष्मीकांत बेर्डे डिसेंबर २००४ मध्ये गेले आणि दुसरा भाग आला जून २०१३ मध्ये. म्हणजे ते नसणार हे महेश कोठारेंना ठाऊकच होतं. त्यांनी लक्ष्याची नक्कल करणारा कोणी आणून उभा केला नाही. लक्ष्याचा मुलगा आणला आणि ती भूमिका स्वतःच्या मुलाला, आदिनाथला दिली. बापाच्या मागे लागलेलं भूत आता मुलाच्या मागे लागतं! अहो, केवढी मोठी कल्पना आहे ही! बापाचं देणं मुलाने फेडायचं, ही आपल्या घराघरातली गोष्ट. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तेव्हा लक्ष्या नसणं ही या चित्रपटाची अडचण नव्हती, ते त्याचं भांडवल होतं. पण ते वापरलंच नाही.

१९९३ चा 'झपाटलेला' आठवून बघा. बाहुलीत शिरलेल्या गुन्हेगाराची मूळ कल्पना 'चाइल्ड्स प्ले' या १९८८ च्या अमेरिकन चित्रपटावरून घेतलेली, हे जगजाहीर आहे. तरी तो आपला वाटला. रामदास पाध्यांची बाहुली, दिलीप प्रभावळकरांचा तो खर्जातला आवाज, आणि खरं बोलणारा पण कोणालाच खरा न वाटणारा साधाभोळा लक्ष्या. हसता हसता पोटात गोळा यायचा तो त्याच्या एकटेपणामुळे. तात्या विंचू एवढासा, पण लक्ष्याच्या जिवाची किंमत आपल्याला कळलेली होती, म्हणून तो मोठा वाटायचा.

दुसऱ्या भागात आवाज तोच, विंचू तोच. पण ज्याच्या जिवावर उठलाय त्या पोराशी आपली ओळख होईपर्यंत सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर, मकरंद अनासपुरे, गाणी, विनोद अशी सगळी वरात येऊन जाते. बाप कसा होता, हे त्या पोराला जाणून घ्यावंसं वाटतं का? एक निवांत प्रसंग त्यासाठी द्यायला काय हरकत होती?

आता दुसरं वाक्य. थ्रीडीचं कौतुक मीही करतो. मराठीच्या तुटपुंज्या पैशात हे धाडस सोपं नव्हतं. पण थ्रीडीला वेगळी यंत्रणा लागते, चष्मे लागतात. आमच्या बीबीसारख्या गावातल्या माणसाने हा चित्रपट पाहिला तो घरच्या टीव्हीवर, बिनचष्म्याचा. त्याच्या अंगावर काहीच धावून आलं नाही. मग त्याच्यासाठी उरलं काय? उरते ती गोष्ट. आणि तीच पातळ निघाली! चष्मा काढल्यावर जे उरतं, तोच खरा चित्रपट.

नातवाने मला दोन कोरियन चित्रपट दाखवले. 'ट्रेन टू बुसान' (२०१६) आणि त्याच्या पुढचा 'पेनिन्सुला' (२०२०). दिग्दर्शक एकच, योन सांग-हो. पहिल्यात एक रेल्वेगाडी, पिसाळलेली प्रेतं आणि एक बाप-लेक. डोळ्यांत पाणी येतं. दुसऱ्यात अख्खा देश ओसाड, सैनिक, पैशांनी भरलेला ट्रक, गाड्यांचे पाठलाग. पसारा वाढला आणि माणूस हरवला. दुखणं तेच. पण तिथेही एक गोष्ट मानली पाहिजे, पहिलाच चित्रपट पुन्हा गिरवलेला नाही.

चाळीस इयत्ता तपासलेला माणूस आहे मी. अवघड प्रश्न निवडून अर्धवट सोडवणाऱ्या पोराला मी कधी शून्य दिलं नाही. मात्र सुवाच्य अक्षरासाठी उत्तराचे गुणही दिले नाहीत. 'झपाटलेला २'ला हाच न्याय लावा. लक्ष्या नाही म्हणून नापास करू नका, आणि थ्रीडी आहे म्हणून पहिला नंबरही देऊ नका.

कारण आपण चुकीची शाबासकी दिली तर पुढचा निर्माता यंत्रावर खर्च करील, आणि चुकीची शिक्षा दिली तर नवं काही करायलाच धजावणार नाही. दोन्हीकडून नुकसान आपलंच. मराठीत दुसरे-तिसरे भाग येतच राहणार. त्यांना आपण एकच विचारावं: बाबा रे, तंत्र राहू दे बाजूला, या पोराला वाचवावं असं आम्हाला का वाटावं, ते आधी सांग!