आईसाठी इंडक्शन घेताय? आधी हे वाचा

“डॉक्टर, आईला इंडक्शन घेऊन देतोय. चालेल ना?” हा प्रश्न आता माझ्या ओपीडीत नेहमीचा झाला आहे. विचारणारा मुलगा किंवा मुलगी पुण्यात, मुंबईत, नाहीतर थेट अमेरिकेत. आई-बाबा साताऱ्यात, वाईत, कराडला, सांगली-मिरजेत; दोघंच, किंवा दोघांतलं मागे राहिलेलं एक. मुलांनी चार ठिकाणी बघून मॉडेल ठरवलेलं असतं. डॉक्टरांकडून फक्त होकार हवा असतो.

माझा होकार आहे. पण तुम्ही निवड चुकीच्या टोकाकडून करताय, असंही मला वाटतं. किती वॅट, किती तयार मेनू, किती सवलत, हे सगळं नंतर बघा. ओट्यासमोर जी व्यक्ती उभी राहणार आहे तिचे डोळे, कान, बोटं, खांदा आणि हृदय कशा अवस्थेत आहेत ते आधी बघा. आणि घरातला गॅस मुळीच परत करू नका. का, ते सांगतो.

सत्तरीच्या पुढच्या माणसाच्या हातात गॅसची शेगडी देताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो: गळती झाली तर वास येईलच. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात, ते आपल्या नाकाच्या भरवशावर. पण वयाबरोबर वासाची जाणीव कमी होते, पार्किन्सन्समध्ये ती बरीच आधी जाते, आणि कोविडनंतर काहींची पूर्वीसारखी परत आलेलीच नाही. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस चालूच राहिला. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती शेगड्यांना ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद व्हायची सोय नसते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साचतो. त्यात विसरभोळेपणा आणि नायलॉनच्या साडीचा पदर मिळवा. इंडक्शनवर ज्योत नाही, गॅस नाही, पातेलं उचललं की शेगडी थोड्या वेळात आपली आपण बंद होते. एकट्या राहणाऱ्या माणसासाठी एवढं कारण मला पुरेसं वाटतं. बायको गेल्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओट्यासमोर उभे राहिलेले काका लोकही मी बघतो. त्यांना तर मी आपणहून सांगतो, घ्या म्हणून.

दुसरं कारण धुराचं. आज सत्तरीत असलेल्या आपल्याकडच्या कितीतरी बायकांची पहिली वीस-तीस वर्षं चुलीसमोर गेली आहेत. आयुष्यात विडी न ओढलेल्या अशा बायका दम लागतो म्हणून येतात आणि तपासणीत सीओपीडी निघतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं आणि चुलीच्या धुराकडे जगाचं लक्ष वेधलं. घरातल्या इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या प्रश्नावर आपल्या सातारा जिल्ह्यात, फलटणला, खूप आधीपासून डोकं लावलं गेलं आहे, हे फार जणांना माहीत नसतं. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी पाणी मिसळलेल्या इथेनॉलवर चालणारी शेगडी तयार केली. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा बनवला आणि त्यासाठी २००२ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळवला. ऊस पिकवणाऱ्या भागातल्या बाईला धूर न खाता स्वयंपाक करता यावा, ही धडपड तेव्हापासूनची आहे.

आता घरोघरी गॅस आहे, मग धूर कुठला? गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि बंद स्वयंपाकघरात तो दम्याच्या पेशंटला, विशेषतः मुलांना, त्रास देतो. इंडक्शनवर तो नसतो. पण इथे एक गैरसमज दूर करतो. “इंडक्शन घेतलंय, आता धूर नाही,” असं म्हणून खिडकी बंद करणारी घरं मी बघितली आहेत. फोडणीचा धूर तेलाचा असतो, इंधनाचा नाही. खरड्यासाठी मिरच्या परतल्या की जो ठसका लागतो तो इंडक्शनवरही तितकाच लागतो. खूप तापलेल्या तेलातल्या तळणाचा धूर कर्करोगाला कारणीभूत ठरण्याची शक्यता असलेल्या गोष्टींच्या यादीत आहे, हेही लक्षात असू द्या. एक्झॉस्ट फॅन हवाच. शेगडीवर चार हजार खर्च करणार असाल तर त्यातले हजार-पंधराशे फॅनसाठी बाजूला काढा.

यावर पुढचा प्रश्न हमखास येतो: “पण त्याचं रेडिएशन?” इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा वीजप्रवाह जातो. त्यामुळे तयार होणारं चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या बुडात वीज खेळवतं आणि बूड स्वतःच तापतं. एक्स-रेसारखे पेशींमधल्या अणूंची मोडतोड करणारे किरण यात नसतात. अन्नात काही उतरत नाही. हे क्षेत्र काही सेंटिमीटरवरच झपाट्याने कमी होतं. काचेच्या कडेला पोट टेकवून उभं राहू नका, चार बोटं लांब राहा, एवढं पुरे. गरोदर सुनेलाही मी हेच सांगतो.

पेसमेकर बसवलेल्यांचं मात्र वेगळं आहे. इंडक्शनचा पृष्ठभाग आणि छातीतला पेसमेकर यांच्यात किमान ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट अंतर हवं. भांडं मधोमध नसेल किंवा काचेवरच्या गोलापेक्षा लहान असेल तर बाहेर निसटणारं क्षेत्र वाढतं. आता तुम्हीच सांगा, ओट्यावर वाकून आमटी ढवळणारी बुटकी आजी दोन फूट लांब कशी राहणार? आधुनिक पेसमेकर बरेच सुरक्षित असतात आणि प्रत्यक्ष अडचण क्वचितच येते. तरीही घरात पेसमेकर किंवा छातीतला डिफिब्रिलेटर असलेलं कोणी रोज स्वयंपाक करणार असेल, तर माझा सल्ला इंडक्शनच्या विरोधात आहे. ज्योत विझली की बंद होणारी गॅसची शेगडी शोधा, भातासाठी विजेचा राइस कुकर द्या. तरी इंडक्शनच हवं असेल तर पेसमेकर बसवणाऱ्या डॉक्टरांना मॉडेल सांगून विचारा.

आता निवडीकडे येतो. बाजारातल्या इंडक्शनला सपाट काळी काच आणि तिच्यावर स्पर्शाने चालणारी बटणं असतात. दिसायला सुंदर. म्हातारपणी बोटांची कातडी कोरडी पडते, स्पर्शाचं बटण कधी घेतं, कधी घेत नाही. हात ओला असेल तर भलतंच घेतं. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना काळ्या काचेवरची बारीक करडी अक्षरं दिसत नाहीत. ‘बीप’चा आवाज उंच पट्टीतला असतो आणि म्हातारपणी ऐकू येणं नेमकं त्याच पट्टीत आधी कमी होतं. मग आई काय करते? दोनदा बटण दाबते, काही झालं नाही असं वाटून तिसऱ्यांदा दाबते, आणि शेगडी बंद होते. चौथ्या दिवशी इंडक्शन खोक्यात घालून माळ्यावर. मुलगा फोनवर म्हणतो, “आईला नवीन काही नकोच असतं.” तिला नवीन नको असं नसतं, तिला ते दिसत नाही आणि ऐकू येत नाही.

म्हणून फिरवायचा खटका असलेलं, किंवा दाबल्यावर ‘टक्’ लागणारी बटणं असलेलं मॉडेल घ्या. कमी दिसायला आधुनिक, पण वापरायला सोपं. खटक्यावर ठळक आकडे नसतील तर नेलपॉलिशने ‘चहा’, ‘दूध’, ‘भाजी’ अशा तीन खुणा करून द्या. दहा-बारा मेनू असलेल्या मॉडेलचे जास्तीचे पैसे देऊ नका. इडली आणि डोशाची वेगळी बटणं वापरणारी एकही आजी मला अजून भेटलेली नाही. टायमर मात्र हवा, आणि तो लावायला सोपा हवा. ज्यांना कुकरच्या शिट्ट्या नीट ऐकू येत नाहीत त्यांच्यासाठी टायमर हाच शिट्टी मोजणारा.

मधुमेह असेल तर आणखी एक गोष्ट बघा. इंडक्शनची काच स्वतः तापत नाही असं दुकानदार सांगतो, ते अर्धंच खरं. गरम भांड्याने ती तापते आणि भांडं उचलल्यावर काही मिनिटं तशीच राहते. ज्योत नाही, लाली नाही, काहीच दिसत नाही. जुन्या मधुमेहात हातापायांच्या नसा बधिर झाल्या असतील तर चटका उशिरा कळतो. काच गरम असेपर्यंत खूण दाखवणारं मॉडेल घ्या, आणि लगेच पुसायची सवय मोडा. भिंतीवरचं बटणही लगेच बंद करायचं नाही, आतला पंखा थांबेपर्यंत थांबायचं. इन्फ्रारेड शेगडीवर कुठलंही भांडं चालतं म्हणून ती घ्यावीशी वाटते, पण तिची काच फारच तापते. बधिर हातांच्या घरात मी ती देणार नाही.

मधुमेहींचा खांदाही आखडलेला असतो. ओट्यावर इंडक्शन ठेवलं की पातेलं अडीच-तीन इंच वर जातं. आईची उंची पाच फुटांच्या आत असेल तर हे तीन इंच रोज सकाळ-संध्याकाळ खांद्याला कळतात. ओट्याऐवजी बुटक्या, भक्कम टेबलावर ठेवा. बसून स्वयंपाक करता आला तर गुडघेही दुवा देतील.

भांड्यांसाठी फ्रिजवरचं चुंबक पुरे. बुडाला घट्ट चिकटलं तर भांडं चालेल. घरातली पितळी पातेली, हिंडालियमची कढई, साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालणार नाहीत. स्टीलची काही भांडी चालतात, काही नाही. एकेकाला चुंबक लावून बघा. बिडाचा तवा इंडक्शनवर छान चालतो, पण मनगट दुखणाऱ्या बाईला तो उचलवत नाही. नॉनस्टिक हलकं असतं, पण ते इंडक्शनवर रिकामं तापायला ठेवलं तर दोन मिनिटांत नको इतकं तापतं. आधी तेल, मग बटण.

आणि भाकरी? खरं सांगायचं तर गॅसवरची भाकरी इंडक्शनवर होत नाही. खोलगट तवा काचेला नीट टेकत नाही, आणि भाकरी जाळावर शेकायला जाळच नसतो. सपाट तव्यावर फडक्याने दाबत फुगवता येते, पण चव थोडी वेगळी लागते. भरताचं वांगं, भाजका पापड हेही गेलं. हे आधीच सांगून टाका. ज्वारीची भाकरी रोज लागणाऱ्या घरात ‘सगळं इंडक्शनवर’ असा हट्ट धरला तर बाबांची भाकरी सुटते आणि पाव-बिस्किटं सुरू होतात, आणि तीन महिन्यांनी वाढलेली साखर घेऊन ते माझ्याकडे येतात. भाकरी गॅसवर, बाकी चहा, दूध, भात, आमटी इंडक्शनवर, अशी वाटणी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

बिलाचंही पेशंट विचारतात, म्हणून थोडा हिशेब. १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम करायला इंडक्शनला साधारण १३० ते १४० युनिट लागतात. दोघांच्या घरात सिलिंडर दोन-अडीच महिने जात असेल तर सगळा स्वयंपाक इंडक्शनवर नेल्यास महिन्याला ५५ ते ७० युनिट वाढतील. महावितरणचा दर १०० युनिटनंतर दुपटीच्या आसपास जातो. तुमचं बिल ४०-५० युनिटचं असेल तर परवडेल, आधीच १५० असेल तर गॅस स्वस्त. छतावर सोलर असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

१८००-२००० वॅटचं इंडक्शन आठ-नऊ अँपिअर वीज ओढतं. जुन्या वाड्यातला मिक्सरचा साधा प्लग त्यासाठी नाही. १६ अँपिअरचा पॉवर प्लग, चांगलं अर्थिंग, आणि एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. घरचा साधा इन्व्हर्टर याला पुरत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा कित्येक भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी गॅस परत करणं मला अजिबात पटत नाही. आणि पुराचं पाणी लागलेलं इंडक्शन वाळवून पुन्हा लावू नका, प्लगही वायरमनला दाखवल्याशिवाय वापरू नका.

शेवटचं, ऑनलाइन ऑर्डर करून थेट आईच्या पत्त्यावर पाठवू नका. तुम्ही घरी जाल तेव्हा तिला दुकानात न्या, तिची बोटं आणि तिचा चष्मा घेऊन तिलाच चालू-बंद करू द्या. मग चार दिवस तिथेच राहा. पहिल्या दिवशी फक्त चहा.