लॅपटॉप घेताना आधी काम विचारा, मग किंमत



बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले, प्रवेशाच्या याद्या लागू लागल्या की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "मुलाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळाले, मुलीने बीसीए घेतले, आता लॅपटॉप कोणता घ्यावा?" आम्ही काही या विषयातले जाणकार नाही. पण याच प्रश्नावर आम्ही एकदा चुकलो आहोत, आणि ती चूक नुसती पैशांची नव्हती. म्हणून या महिन्यात तीच गोष्ट सांगतो.

२०२१ साली आमच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. लॅपटॉपसाठी पैसे कमी पडत होते, तेव्हा तिच्या दादीने हातातली एक बांगडी मोडून दिली. आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने मोठा स्क्रीन दाखवला, "१ टीबी आहे, आयुष्यभर भरणार नाही" असे सांगितले, वर बॅग फुकट दिली. आम्ही एवढेच विचारले, "चांगला आहे ना?" विकणारा याला नाही कशाला म्हणेल?

दुसऱ्या वर्षी तिला मोबाईलचे ॲप बनवायचा प्रकल्प मिळाला. रात्री उशिरापर्यंत ती लॅपटॉपसमोर नुसतीच बसलेली दिसायची. कधी हातात मोबाईल, कधी डोळे मिटलेले. आम्ही रागावलो. "काम पुढे सरकत नाही, कारण तुझे लक्षच नाही." ती गप्प राहिली. मग एकदा फजरच्या आधी जाग आली तर तिच्या खोलीत दिवा. लॅपटॉप सुरू करून ती वुजूला गेली होती. प्रोग्राम उघडायलाच वीस मिनिटे लागत. एक ओळ बदलली की ती चालते का हे पाहायला आणखी दहा मिनिटे. म्हणून ती नमाजच्या आधीच यंत्र सुरू करून ठेवायची. "मग सांगितले का नाहीस?" आम्ही विचारले. ती म्हणाली, "त्यात दादीची बांगडी गेली होती ना."

आपल्या दीनने बदगुमानीपासून दूर राहायला सांगितले आहे. आम्ही ती आपल्याच लेकीबद्दल चार महिने बाळगली होती. आळस तिच्यात नव्हता, यंत्रात होता. आणि ते यंत्र आम्ही निवडले होते.

ओळखीच्या एका दुरुस्ती करणाऱ्या मुलाने लॅपटॉप उघडून पाहिला. रॅम ४ जीबी, आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. नशिबाने रॅमची एक खाच रिकामी होती. त्याने ८ जीबीची पट्टी बसवली आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातली. नव्या लॅपटॉपच्या तुलनेत खर्च अगदी थोडा झाला. त्याच यंत्रावर तिचा प्रकल्प वेळेत पूर्ण झाला, अल्हम्दुलिल्लाह. आता तिच्या धाकट्या भावाची वेळ आली आहे, आणि या खेपेला यादी तिने केली आहे. पुढे जे लिहितो ते बरेचसे तिचेच आहे.

पहिला प्रश्न कामाचा

दुकानात जाण्याआधी मुलाला किंवा मुलीला विचारा, "तुला यावर नेमके काय करायचे आहे?" सी, जावा, पायथन शिकणे आणि वेबसाइट बनवणे याला मध्यम लॅपटॉप पुरतो. अँड्रॉइडची ॲप बनवायची तर जास्त ताकद लागते. अँड्रॉइड स्टुडिओ या साधनाची स्वतःची अट किमान ८ जीबी रॅमची आहे आणि सोबत इम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा नकली मोबाईल, चालवायचा तर १६ जीबीची. आयफोनची ॲप बनवण्याचे एक्सकोड हे साधन फक्त ॲपलच्या मॅकवर चालते. पण पहिल्याच वर्षी ते लागेल असे धरून महागडा मॅक घ्यायचे कारण नाही.

वेगळे ग्राफिक कार्ड आणि रंगीत दिव्यांचा कीबोर्ड असलेले गेमिंग लॅपटॉप मुलांना भुरळ घालतात. साध्या सॉफ्टवेअरच्या कामाला त्या कार्डाचा उपयोग नसतो. वजन वाढते, बॅटरी लवकर उतरते. मशीन लर्निंग शिकणाऱ्यांना ते कधी लागते खरे, पण सुरुवातीचा सराव गूगलच्या कोलॅबवर फुकट करता येतो.

ओटा आणि कपाट

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क म्हणजे कपाट. कपाट कितीही मोठे असले तरी ओटा हातभर असेल तर एक भांडे खाली ठेवल्याशिवाय दुसरे वर घेता येत नाही. आमच्या मुलीचे तेच झाले होते. कपाट १ टीबीचे, ओटा ४ जीबीचा.

म्हणून रॅम १६ जीबी घ्यावी. तेवढे बजेट नसेल तर ८ जीबी चालेल, पण ती पुढे वाढवता येईल याची खात्री करूनच. आजकालच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच कायमची जोडलेली असते. ती नंतर बदलता येत नाही. दुकानात लॅपटॉप सुरू करून घ्या. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर रॅमच्या खाचा किती आणि त्यातल्या किती वापरात आहेत हे सहसा दिसते. दुकानदाराचे म्हणणे बिलावर लिहूनही घ्या.

डिस्क एसएसडीच हवी. ५१२ जीबी पुष्कळ झाली. फोटो आणि व्हिडिओ साठवायला बाहेरची साधी हार्ड डिस्क पुढे केव्हाही घेता येते.

नावाला भुलू नका

"आय५ आहे" किंवा "रायझन ५ आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. इंटेलच्या आय५-१२३५यू या नावात १२ म्हणजे बारावी पिढी, आणि शेवटचे यू म्हणजे कमी वीज खाणारा. तिथे एच असेल तर ताकद जास्त, पण बॅटरीही लवकर संपणार. शिकणाऱ्याला यू चालतो.

एएमडीच्या नावात तर चांगलीच गफलत होते. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही जुळी भावंडे वाटतात. पण या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना सांगतो. ७५२०यू मध्ये २०१९ साली आलेली झेन २ ही रचना आणि ४ कोअर आहेत. ७५३०यू मध्ये २०२० ची झेन ३ आणि ६ कोअर. एका आकड्याचा फरक, पण कामात तो रोज जाणवतो. पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या, घरी या, कॉलेजातल्या एखाद्या मोठ्या मुलाला दाखवा, मगच पैसे द्या.

स्क्रीन १९२० बाय १०८० म्हणजे फुल एचडी असावा. तासन्‌तास बारीक अक्षरे वाचायची असतात. एसटीने किंवा लोकलने जाणाऱ्या मुलीसाठी वजन दीड किलोच्या आसपास असलेले बरे. कीबोर्डवर दोन ओळी टाइप करून पाहायला लाजू नका.

जुना घेतला तर

जुना लॅपटॉप घेण्यात कमीपणा नाही. कंपन्या आपल्या कचेऱ्यांतले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असे मजबूत लॅपटॉप काही वर्षांनी काढून टाकतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात ते दुरुस्त करून विकले जातात. नवा स्वस्त लॅपटॉप घेण्यापेक्षा यातला चांगला निवडलेला लॅपटॉप सॉफ्टवेअरच्या कामाला अनेकदा सरस ठरतो.

मात्र तीन गोष्टी पाहा. एक, विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते. दोन, बॅटरीचा अहवाल काढून दाखवायला सांगा; मूळ क्षमता आणि आजची क्षमता त्यात शेजारी शेजारी दिसते. तीन, बिल आणि काही महिन्यांची लेखी हमी घ्या. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड करणाऱ्या आणि दोष लपवून विकणाऱ्याला खडसावणाऱ्या प्रेषितांची (स.) आपण उम्मत आहोत. मालाचा दोष विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि विकणारा आपल्यातला असेल तर तो न विचारता सांगणे ही त्याची जबाबदारी आहे. विंडोजचा खर्च टाळायचा तर उबुंटू लिनक्स मोफत मिळते आणि प्रोग्रामिंग शिकायला ते उत्तम आहे.

पैसा कुठून आणायचा

आता सर्वांत नाजूक गोष्ट. दुकानात "नो कॉस्ट ईएमआय" म्हणतात आणि आपल्याला वाटते, व्याज नाही म्हणजे प्रश्न मिटला. प्रत्यक्षात बहुतेक वेळा बँक व्याज लावतेच. दुकान किंवा कंपनी तेवढी सूट आधी किमतीत देते. कार्डाच्या हिशेबात मुद्दल आणि व्याज वेगळे दिसते, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, कधी प्रक्रिया शुल्कही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते. तेव्हा करारावर सही करण्याआधी तो कागद आपल्या भागातल्या आलिमांना दाखवा. "सगळेच घेतात" हे उत्तर आखिरतमध्ये चालणार नाही.

दुसरे मार्ग आपल्या घरातच आहेत. मोहल्ल्यातली भिशी घ्या. मामू किंवा चाचांकडून करजे हसना घ्या, पण लिहून घ्या. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, हा आदेश कुरआनच्या सूरह बकरामध्ये सविस्तर आला आहे. आपण नात्यात लिहायला संकोचतो आणि पुढे नातेच तुटते. ज्यांना अल्लाहने ऐपत दिली आहे त्यांनी लग्नातला एक पदार्थ कमी करून एखाद्या गरजू विद्यार्थ्याला लॅपटॉप घेऊन दिला, तर मुलगा शिकेल तोवर त्याचे सवाब मिळत राहील, इन्शाअल्लाह.

सुताराच्या करवतीवर, शिंप्याच्या मशीनवर जकात लागत नाही, कारण ती रोजीची हत्यारे आहेत. शिकणाऱ्या मुलाचा लॅपटॉप हे तसेच हत्यार आहे. त्यावर गरजेपुरता खर्च करणे हा इस्राफ नव्हे. दिखाव्यासाठी केलेला खर्च मात्र इस्राफच. आणि हत्यार बोथट देऊन वर "काम का होत नाही" असे विचारणे हा अन्याय आहे.

शेवटची गोष्ट. घरात एकच चांगला लॅपटॉप परवडत असेल तर तो आपोआप मुलाचा आणि भावाने टाकलेला जुना मुलीचा, असे ठरवू नका. ज्याचे काम जड, त्याला ताकदवान यंत्र. आमच्या घरात हा हिशेब लेकीने मांडला आणि मुलाने मान्य केला. धाकट्याला पहिली दोन वर्षे तिचा दुरुस्त केलेला लॅपटॉप पुरेल, आणि भिशी लागली की नवा तिच्यासाठी येईल.

दादीला हे सांगितले. त्या म्हणाल्या, "माझी बांगडी अजून चालते म्हणायची."