खेळ, बिल्ला आणि पैसा

पुसेगावच्या श्री सेवागिरी महाराजांच्या यात्रेत रथ नोटांच्या माळांनी झाकून जातो. मी सात वर्षांचा असताना आबांनी मला यात्रेत खर्चायला वीस रुपये दिले. एक रुपया मी रथावर वाहिला आणि बाकीचे सगळे रिंगा फेकण्याच्या दुकानात घालवले. साबणाची वडी, कंगवा आणि मधोमध चकाकणारे घड्याळ. रिंग घड्याळावर पडायची, पण खालपर्यंत बसायची नाही. मी रडू लागलो. आबा म्हणाले, "पैसं संपलं न्हवं? मग खेळबी संपला. चल, शेव-रेवड्या घेऊ."

आबांच्या या बोलण्याचा अर्थ मला गेल्या वर्षी सांगलीत कळला. शिक्षणासाठी वडूज-विटामार्गे एस.टी.ने इथे आलो. खोलीत जो जोडीदार मिळाला, त्याच्याही घरात त्याच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नव्हते. तो मोबाईलवर पैसे लावून रमी खेळे. त्याच्या आईने शेळी विकून परीक्षेची फी पाठवली होती. ती एका रात्रीत गेली. मी शेजारीच होतो. खरे सांगायचे तर दोन डाव मीही खेळलो. तो परीक्षेला बसला नाही. आज तो गावाकडे पोल्ट्रीवर कामाला जातो.

तेव्हापासून खेळ आणि पैसा यांच्या नात्याविषयी मी मिळेल ते वाचतो. त्यात जपानमधील 'मेडल गेम'ची हकीकत वाचली आणि ती आपल्या मित्रांना सांगावीशी वाटली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील अमेरिकी लष्करी तळांवर 'सर्व्हिस गेम्स' ही मंडळी नाणे टाकून खेळायची जुगाराची यंत्रे पुरवीत असत. या दोन शब्दांच्या पहिल्या अक्षरांतून 'सेगा' हे नाव आले. पण सर्वसामान्य जपानी माणसाला कायद्याने जुगाराची बंदी. तेव्हा १९७०च्या दशकात सेगा, सिग्मा अशा कंपन्यांनी निराळी वाट चोखाळली. गिऱ्हाईक पैसे देऊन धातूचे बिल्ले घेते आणि यंत्रात टाकते. जिंकले तर आणखी बिल्ले मिळतात. मात्र त्या बिल्ल्यांचे ना पैसे मिळतात, ना वस्तू. उरलेले बिल्ले दुकानातच जमा ठेवायचे आणि पुढच्या खेपेला तेच घेऊन खेळायचे. पैशाचा बिल्ला होतो, बिल्ल्याचा पैसा कधीच होत नाही. १९८५ पासून अशी खेळघरे परवान्याच्या कायद्याखालीही आली.

यातली खरी गंमत पुढेच आहे. बक्षिसाचे आमिष काढून घेतल्यावर माणूस यंत्रापाशी का बसावा? खेळातच गोडी हवी! म्हणून ती यंत्रे घडवणाऱ्या कारागिरांना डोके चालवावे लागले. बिल्ल्यांच्या राशीला मागेपुढे ढकलणारी फळी, दहाबारा जणांनी मिळून पाहायची घोड्यांची शर्यत, असे नाना प्रकार निघाले. २००० साली सेगाने काढलेल्या 'स्टारहॉर्स'मध्ये तर खेळणारा स्वतःचा घोडा वाढवून शर्यतीत उतरवतो. आमच्या मोबाईलवरच्या रमीला यातल्या कशाचीच गरज नव्हती. तिथे पैसा हीच गोडी होती.

कुणी म्हणेल, बिल्ला घ्यायलाही पैसेच मोजावे लागतात. आणि त्याच देशात पाचिंकोमध्ये मिळालेले बक्षीस शेजारच्या दुकानात देऊन रोकड घेण्याची पळवाट आहेच. हे मला मान्य आहे. जपानी माणूस काही संत नव्हे. पण बिल्ल्यावर गेलेला पैसा सिनेमाच्या तिकिटासारखा असतो, गेला तो गेला. माणूस हरल्याने बुडत नाही. हरलेले भरून काढायला बसला की बुडतो. बिल्ला ती वाटच बंद करतो.

आपल्याकडे काय घडले? जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा. तरी १९६० नंतर मुंबईतला मटका खेड्यापाड्यांत पोहोचला. १९६९ मध्ये सरकारने स्वतःचीच लॉटरी काढली. १९७६ मध्ये विधिमंडळाने कॅसिनोंना परवाने देण्याचा कायदा केला, तो कधीच अमलात न आणता २०२३ मध्ये रद्द केला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणली. हे चांगलेच झाले, पण माझ्या मित्राचे वर्ष त्याआधीच गेले होते. आणि कायद्याने दार बंद केले तरी हाताची सवय कोण मोडणार?

मला वाटते, ती आपणच मोडायला हवी. आपल्या पोरांना खेळ हवा आहे. दिवसभर वर्ग आणि संध्याकाळी काम करून थकलेल्या मुलाने रात्री करावे तरी काय? वसतिगृहात एक धड कॅरम बोर्ड आणि बुद्धिबळाचे दोन पट असावेत, ही माझी प्राध्यापकांना विनंती आहे. मित्रांना एवढेच सांगतो की शेजारचा जोडीदार हरलेले परत मिळवायला बसला, तर माझ्यासारखे नुसते बघत बसू नका. आबांसारखे त्याचा हात धरा आणि म्हणा, "खेळ संपला, चल आता."