सिम गेलं म्युनिकला, ओटीपी हवा नरपडला

सकाळचे दहा वाजलेत. नरपडला काकांच्या दारात गॅसची गाडी उभी आहे. सिलिंडर उतरवणारा मुलगा म्हणतो, ‘काका, मोबाइलवर कोड आला असेल, तेवढा सांगा.’ काका फोन चाळतात. कोड नाही. येणार कसा? गॅस बुकिंगला नंबर दिलाय ताईचा, म्हणजे माझ्या चुलत बहिणीचा, आणि ताई तीन आठवड्यांपूर्वी मास्टर्स करायला म्युनिकला गेलीय. तिथे पहाटेचे साडेसहा. काका तिला व्हॉट्सॲप कॉल लावतात, मग मला लावतात, मग परत तिला. तोवर गाडी पुढच्या घरी गेलेली असते.

काकांच्या घरात मोबाइलची सगळी कामं ताईच करायची. त्यामुळे गॅसला तिचा नंबर, काकांच्या बँक खात्याला तिचा नंबर, महावितरणच्या बिलाला तिचा. पीएम किसानचं ई-केवायसी करायचं तर काकांच्या आधारला जोडलेला नंबरही तिचाच. तिला पहिला स्मार्टफोन मिळाला तेव्हापासून फॉर्मवरचा मोबाइल नंबरचा रकाना काकांनी तिला देऊन टाकला होता. ‘तुझाच टाक, मला कुठे कळतं त्यातलं.’ तुमच्या घरीही हे वाक्य ऐकलं असेलच. कॉलेजला जाणारा मुलगा किंवा मुलगी म्हणजे घराचं आयटी डिपार्टमेंट. पगार नाही, सुट्टी नाही.

आणि एक दिवस हे डिपार्टमेंट विमानात बसून निघून जातं.

परदेशी निघालेल्या कुणाच्याही ग्रुपवर हल्ली एक सल्ला हमखास येतो: ई-सिम घे, रोमिंगच्या भानगडीत पडू नकोस. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. उरलेल्या अर्ध्याबद्दल कुणी रील करत नाही, म्हणून आज या जागेत तेच.

आधी ई-सिम म्हणजे काय ते पटकन बघू. वेगळं कार्ड येत नाही. फोनच्या आत एक चिप आधीच बसवलेली असते. कंपनीने पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन केला की तिचं प्रोफाइल त्या चिपवर उतरतं. मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना जीएसएमए हिने २०१६ मध्ये फोनसाठीचे याचे नियम ठरवले. २०१८ मध्ये आयफोन एक्सएसमध्ये ई-सिम आलं. २०२२ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ ला तर सिमचा ट्रेच नाही. (अमेरिकेतल्या मामाने पाठवलेला फोन हातात घेऊन सिमची पिन कुठे घुसवायची ते शोधणारे दोन मित्र मी स्वतः बघितलेत.) तुमच्या फोनमध्ये ई-सिम चालतं का ते बघायला *#०६# डायल करा. यादीत ईआयडी नावाचा ३२ आकडी नंबर दिसला तर चालतं. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त फोनमध्ये तो दिसत नाही. मग तिथे उतरल्यावर प्लास्टिकचं सिम शोधण्याला पर्याय नाही.

रोमिंगची भीती आम्हा नरपडकरांना तशी लहानपणीच कळलेली. नरपडहून चिखले, घोलवड, बोर्डी करत झाईपर्यंत गेलं की पुढे गुजरात. मोबाइलला सीमेवरची पाटी थोडीच दिसते? बोर्डीच्या किनाऱ्यावर उभं असतानाच तो कधी कधी पलीकडचा टॉवर पकडायचा आणि ‘वेलकम टू गुजरात’ असा मेसेज टणकन वाजायचा. माझे बाबा तो मेसेज आला की फोन बंदच करून खिशात टाकायचे, कारण नुसता आलेला कॉल उचलला तरी बॅलन्स कापला जायचा. १ मे २०१५ पासून ट्रायने रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉलची कमाल मर्यादा मिनिटाला ७५ पैशांवरून ४५ पैशांवर आणली. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि देशातल्या देशात रोमिंग हा शब्दच आपण विसरलो. युरोपियन युनियनने १५ जून २०१७ पासून आपल्या सदस्य देशांपुरतं असंच केलं, त्यामुळे म्युनिकमध्ये घेतलेलं सिम घेऊन ताई पॅरिस फिरून आली तरी तिला धडकी भरत नाही. आपल्या भारतीय सिमला मात्र देशाबाहेर पडलं की झाई पुन्हा लागते.

म्हणून ताईनेही ठरवलं, ई-सिम. तिथे तिचं जे झालं ते सविस्तर सांगते, कारण तुमच्यापैकी कुणीतरी येत्या सेमिस्टरला नेमकं हेच करणार आहे.

जर्मन सिमसाठी स्लॉट मोकळा हवा, असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. निघायच्या दिवशी दुपारी तिने आपला भारतीय नंबरच ई-सिम करून घेतला. तासाभराने नेटवर्क आलं, कॉल लागला, सगळे खूश. चारोटी नाक्याला चहा घेऊन गाडी हायवेला लागली. आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, की सिम बदललं की त्या नंबरचे एसएमएस २४ तास बंद राहतात. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये मोबाइल कंपन्यांना तसं सांगितलंय. कारणही योग्य आहे: तुमच्या नावाने कुणी चोरून नवं सिम काढलं, तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत. पण प्लास्टिकचं सिम ई-सिम करणं हाही सिमबदलच. नियम वाचायचा राहिला तो आमचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्युनिक विमानतळावर वायफाय धरून ती प्रवासी ई-सिम विकत घ्यायला बसली. कार्डाने ओटीपी मागितला. ओटीपी आला नाही. इंटरनेटसाठी पैसे भरायचे तर ओटीपी हवा, आणि ओटीपीसाठी थांबायचं तर वायफायच्या बाहेर पडता येत नाही. खोलीच्या डिपॉझिटचे पैसे द्यायचे होते, तेही अडकले. जर्मनीत विद्यार्थ्याला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून ठेवावे लागतात, पण तिथे स्वतःचं खातं उघडेपर्यंत ते हाताला लागत नाहीत. पहिले काही दिवस आपलं भारतातलं कार्ड हाच आधार. काका म्हणाले, मी पाठवतो माझ्या खात्यातून. वाडीतले चिकूचे पैसे नुकतेच जमा झाले होते. पण काकांच्या खात्याचा ओटीपी कुठे जाणार? म्युनिकलाच. एसएमएस बंद असलेल्या त्याच फोनवर. त्या रात्री एका सीनियरने तिला जेवू घातलं. एसएमएस सुरू झाल्यावर सगळं मार्गी लागलं, पण तोवर नरपडला काकूने दोनदा देवासमोर दिवा लावून झाला होता.

तर माझं मत स्पष्ट आहे. भारतीय नंबर प्लास्टिकच्या सिमवरच राहू द्या आणि प्रवासासाठीचा डेटा ई-सिमवर घ्या. उलटं करू नका. फोन पाण्यात पडला, स्क्रीन गेली, तर प्लास्टिकचं सिम काढून दुसऱ्याच्या फोनमध्ये टाकता येतं. ई-सिम त्या मेलेल्या फोनमध्येच राहतं, आणि भारतीय नंबरचं नवं ई-सिम परदेशात बसून मिळवणं म्हणजे कस्टमर केअरच्या संगीताचा रियाझ. ट्रे नसलेला फोन असेल तर नाइलाज आहे, पण मग बदल निघायच्या आठवडाभर आधी करा, आदल्या दिवशी नको.

प्रवासी ई-सिम घरच्या वायफायवरच उतरवून ठेवा, कारण ते उतरवायलाही इंटरनेट लागतं. बऱ्याच प्लॅनची मुदत तिथलं नेटवर्क पकडल्यावर मोजायला सुरुवात होते, त्यामुळे आधी उतरवून दिवस फुकट जात नाहीत. तरी विकत घेताना ती ओळ वाचा. काम झालं असं वाटलं तरी मुक्काम संपेपर्यंत प्रोफाइल डिलीट करू नका, तोच कोड बहुतेकदा दुसऱ्यांदा चालत नाही. असे बरेच प्लॅन फक्त डेटाचे असतात, त्यात नंबर मिळत नाही, पण व्हॉट्सॲप तुमच्या जुन्या नंबरवर चालू राहतं. सेटिंगमध्ये डेटा नव्या लाइनवर ठेवा. भारतीय लाइन चालू राहू द्या, पण तिचं डेटा रोमिंग बंद. रोमिंगमध्ये येणारे एसएमएस सहसा फुकट असतात, मात्र आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावी लागते. हे आपल्या कंपनीला विचारून घ्याच. आणि त्या लाइनवर आलेला कॉल उचलू नका, बोर्डीच्या किनाऱ्यावर बाबा उचलायचे नाहीत तसंच.

ई-सिम कुणाकडून घेताय तेही बघा. परदेशी कंपनीचं सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही दोन लोकप्रिय ॲप सरकारच्या सांगण्यावरून भारतातल्या ॲप स्टोअरमधून काढली गेली. असे परदेशी नंबर वापरून फसवणूक होते, हे त्यामागचं कारण. फसवणूक थांबायलाच हवी. पण दरवर्षी शिकायला बाहेर जाणाऱ्या पोरांनी प्रवासी ई-सिम कुठून घ्यावं, हे कुणी तितक्या ठळकपणे सांगत नाही. रीलमध्ये कुपन कोड वाटणारे तर नक्कीच सांगत नाहीत.

आता त्या उरलेल्या अर्ध्या सल्ल्याकडे. प्रवासाचा डेटा ही आठवड्याभराची अडचण आहे. घराचे ओटीपी ही पुढच्या दोन वर्षांची. तिकडच्या नव्या नंबरवर यूपीआय चालेल असं समजू नका. एनपीसीआयने जानेवारी २०२३ मध्ये परदेशी नंबरवर यूपीआयची परवानगी दिली, ती एनआरई आणि एनआरओ खात्यांना. आणि त्या पहिल्या दहा देशांत अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर होते, जर्मनी नव्हता. म्हणजे भारतीय नंबर जिवंत ठेवणं आलंच. ट्रायच्या नियमानुसार ९० दिवस काहीच वापर नसला तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो, आणि खात्यात २० रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. नरपडच्या चिकूवाडीचं बँक खातं म्युनिकमधल्या कुणीतरी वेळेवर रिचार्ज मारण्यावर टांगलेलं असणं, हे मला तरी भीतीदायक वाटतं.

बँकांना हे दिसत नाही का? वडिलांच्या वयाचं खातं आणि मुलीच्या नावावरचा नंबर, एवढं तरी फॉर्म भरून घेताना काउंटरवर लक्षात यायला हवं. एकदा विचारायला हवं, की ‘काका, हा नंबर तुमच्याच हातातल्या फोनचा आहे ना?’ रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये डिजिटल व्यवहारांच्या पडताळणीचे नवे नियम काढले आणि अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख दिली. त्यात एसएमएसच्या ओटीपीवर बंदी नाही, पण बँकांना दुसरे मार्ग मोकळे आहेत: ॲपमधली मंजुरी, बोटाचा ठसा. हे मार्ग खातेदाराच्या हातातल्या फोनपर्यंत पोचवणं बँकेचं काम आहे, त्याच्या मुलीचं नाही. आणि परदेशी जाणाऱ्यांसाठी जी मार्गदर्शन सत्रं होतात, जिथे कुकर न्यायचा की नाही यावर अर्धा तास जातो, तिथे दहा मिनिटं या विषयाला द्यायला काय हरकत आहे?

तुमच्या वाट्याचं काम तेवढ्यासाठी थांबवू नका. व्हिसाची अपॉइंटमेंट मिळाली की त्याच आठवड्यात घरच्यांना घेऊन बँकेत आणि आधार केंद्रात जा. गॅस आणि वीज घरबसल्या होतं. तुमच्याशिवाय त्यांना ते करता येत नाही असं नाही, तुम्ही असताना त्यांनी कधी करून बघितलेलं नाही एवढंच. शिवाय एक धोका सांगून ठेवा. ‘तुमचं सिम ई-सिम करतोय, आलेला कोड सांगा’ किंवा ‘या लिंकवर क्लिक करा’ असा फोन आला आणि कोड सांगितला, तर तुमचा नंबर समोरच्याच्या फोनमध्ये जातो. पहिली खूण म्हणजे चालू फोनचं नेटवर्क अचानक गायब होणं. तसं झालं तर दुसऱ्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला कळवायचं, पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला.

काकांना मी डहाणूला बँकेत घेऊन गेले. एक फॉर्म, दोन सह्या. मग आधार केंद्रात रांग, मग गॅस एजन्सी. सगळीकडे आता त्यांचा स्वतःचा नंबर आहे, साध्या सिमवरचा. चार दिवसांनी मी संध्याकाळच्या डहाणू लोकलमध्ये उभी होते आणि काकांचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. ‘अगं, आला! पहिला ओटीपी आला! लिहून घे, चार, सात, नऊ...’

‘काका, तो कुणालाही सांगायचा नसतो!’ मी ओरडले. शेजारच्या दोन बायका हसायला लागल्या.

काका क्षणभर गप्प. मग म्हणाले, ‘तुला पण नाही?’